आठशे मीटरचा हिवाळा

यंदा थंडी उशिरा आली, पण माझ्या नाकाला ती आधीच कळली. दिवाळी उलटून गेल्यावर एका सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. स्वेटर अजून पेटीत होते, पेपरात थंडीचं नाव नव्हतं, शेजारीपाजारी अजून पंखे लावून झोपत होते. नाक मात्र ठाम. मग डोळे चुळचुळले, टाळूला खाज सुटली आणि छातीत कुठंतरी खोल बारीक शिटी वाजली. म्हटलं, या, बसा. इतकी वर्षं न बोलावता येता, आता काय पत्रिका छापू?

मी नांदेडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. ऋतू तीन, असं मुलांना सांगतो आणि मुलं ते लिहून घेतात. माझ्या छातीचं वेळापत्रक मात्र निराळं आहे. पावसाळा सरता सरता रिकाम्या प्लॉटांवर गाजरगवत पांढरं फुलतं, तो एक ऋतू. सोयाबीनची मळणी आणि घराघरांतली दिवाळीची झाडलोट एकाच वेळी सुरू होते, तो दुसरा. पुढे तूर निघते, पहाटे धुकं पडतं आणि त्या धुक्यात रस्त्याच्या कडेला कुणीतरी पाला, प्लास्टिक, जुना टायर असं हाती लागेल ते पेटवून शेकत बसतं. तो तिसरा. आणि बारमाही म्हणाल तर आमचे रस्ते. ते कधी पाइपसाठी खणलेले असतात, कधी केबलसाठी, आणि कधी आधी खणलेले बुजवण्यासाठी. खणणाऱ्यांचा काही राग नाही. मी फक्त रुमाल नाकाला लावतो आणि पुढे जातो.

आमचं मूळ गाव किनवट तालुक्यातलं, इस्लापूरकडचं. लहानपणी तिथं दमा म्हातारपणाची गोष्ट होती. म्हातारा माणूस बाजेवर उकिडवा बसून खोकायचा, बायका म्हणायच्या, हवा बदलली. मूल धापा टाकताना दिसलं तर ते कुणाच्या तरी शेतातून हरभरा उपटून पळत आलेलं असायचं. आता माझ्या वर्गात कवायतीच्या तासाला दोन-चार मुलं सावलीत बसून असतात. त्यांच्या दप्तरात, डब्याच्या खाली, तोंडाने औषध ओढायचा पंप असतो. मधल्या सुट्टीत एखादी मुलगी जिन्याखाली जाते, पाठ करून उभी राहते आणि ओठ पुसत परत येते. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. पालकसभेत आई सांगते, "सर, तिला जरा सर्दीचा त्रास आहे." मी म्हणतो, "असं का?" माझ्या शर्टाच्या खिशात तसलाच पंप असतो आणि तो तिला दिसत असतो.

मला दमा लागला तो कॉलेजला नांदेडात आल्यावर. सुट्टीत गावी गेलं की दुसऱ्या दिवशी छाती मोकळी व्हायची. पण गावात नोकरी नव्हती, दवाखाना लांब, आणि मोकळ्या छातीने रिकामं बसून करायचं काय? म्हणून परत शहरात. या दुखण्याने मला एक सवय लावली, कडेला बसून पाहायची. लग्नात मी मांडवाच्या दारात, धुराच्या अलीकडे. मिरवणुकीत मी गच्चीवर. इतरांचं आयुष्य मी थोडं लांबूनच पाहिलं आहे. वाईट वाटायचं ते कधीच संपलं, उलट पुढे पुढे तिथून जास्त दिसतं असंही वाटायला लागलं.

थंडीची पहिली शिंक आली की मला एकच हिवाळा आठवतो. माझ्या पुतणीचा, प्रज्ञाचा.

आमचं घर दोन भावांचं. खाली दादा, वहिनी आणि त्यांची एकुलती एक प्रज्ञा. वर मी एकटा. दादा रेल्वेत. कुणी काही म्हणालं की पुस्तकाचा दाखला देणारा माणूस. प्रज्ञा बी.ए. झाली आणि पोलीस भरतीची तयारी करायची म्हणाली, तेव्हा दादाची मान दोन इंच वर गेली. आमच्या घरात वर्दी घातलेलं कुणीच नव्हतं. "आपल्या घरात साहेब होईल तर ही होईल," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. प्रज्ञा म्हणायची, "पप्पा, शिपाई. आधी शिपाई तर होऊ द्या."

मुलींना आठशे मीटर पळायचं असतं. गोळाफेक, शंभर मीटर, नंतर लेखी, पण सगळ्यांच्या तोंडी आठशेच. आणि प्रज्ञाला माझंच दुखणं होतं.

आमच्या घरात मात्र तसं कुणी म्हणत नसे. माझा तो दमा, तिची ती सर्दी. लहान होती तेव्हा वहिनी म्हणायच्या, बाळदमा आहे, न्हाण आलं की जाईल. तो गेला नाही, तेव्हा नाव बदललं. एकदा कोजागिरीला त्या तिला उदगीरकडच्या आपल्या माहेरी घेऊन गेल्या. तिथं त्या दिवशी खिरीतून दम्याचं औषध देतात. दादाला कळलं तेव्हा तो तडकला. "आपण बुद्धाची माणसं! असल्या खिरीबिरीच्या मागं लागतीस?" वहिनी भाकरी थापत म्हणाल्या, "औषधाला कसला आला धरम? तुमच्या पुस्तकात खिरीला नको म्हणलंय का? बुद्धाला सुजाताची खीर चालती, माझी चालंना." खीर छान होती, असं प्रज्ञाने मला नंतर वर येऊन सांगितलं. शिटी वाजायची ती वाजतच होती.

डॉक्टर बाईंनी तिला दोन पंप दिले होते. एक रोजचा, सकाळ-संध्याकाळ, त्रास असो नसो. दुसरा अडचणीतला, धाप लागली तर किंवा पळण्याआधी. हे दोन्ही पंप घरात माझ्या नावावर जमा होते. दुकानातून मीच आणायचे, माझ्याच फडताळात ठेवायचे. दारावर कुणी आलं आणि टेबलावर पंप दिसला तर वहिनी पटकन म्हणायच्या, "भाऊजींचा हाय." मी मान हलवायचो. घरात एक दमेकरी जाहीर असला की दुसऱ्याची सोय होते.

वहिनींना हसणं सोपं आहे. पण भीती काय होती ते मला दिसत होतं. पोरीला दमा आहे हे गल्लीत कळलं तर पाहुणे येणार नाहीत, ही एक. भरतीच्या मेडिकलला निघालं तर नाव कापतील, ही दुसरी. नियम नेमका काय आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायला गेलो तर पोरीला दमा आहे हे कळणार. मग विचारायचं कुणी?

त्या थंडीत मी रोज पहाटे प्रज्ञाला स्कूटरवर मैदानावर न्यायचो. मला चालायला सांगितलेलं होतं, तिला पळायचं होतं. अंधार पुरता फिटलेला नसायचा. गोदावरीकडून धुकं यायचं आणि मैदानाच्या टोकाला झाडलोट करणाऱ्या बाया पाला पेटवायच्या. नांदेडातली निम्मी तरणी पोरं तिथं पळत असल्यासारखं वाटायचं. कुणी अनवाणी, कुणी भावाच्या मोठ्या बुटांत कापूस कोंबून. लोहा, मुदखेड, भोकर, कुठून कुठून आलेली आणि खोली करून राहिलेली. त्यांचे सर निवृत्त फौजी होते, घड्याळ हातात धरून ओरडायचे, "पाय उचला! घरी भाकरी खाता का बर्फी?" मी पायऱ्यांवर बसून गरम पाण्याची बाटली मांडीवर धरायचो. धुक्यातून आधी पावलांचा आवाज यायचा, मग माणसं. मला ते आवडायचं. मी स्वतः आयुष्यात कधी एवढं पळालो नाही.

महिनाभर ती छान पळाली. इतकी छान, की वहिनींनी ठरवलं, आता रोजचा पंप बंद. "बरी हाय ना आता? मग कशाला ओढायचं? सवय लागंल. एकदा सवय लागली का सुटत न्हाई, भाऊजींचंच बगा की."

मी म्हणालो, "वहिनी, ती बरी आहे ती त्या पंपामुळेच."

"अन् मेडिकलला रक्तात निघालं म्हंजी?"

"रक्तात नाही निघत ते."

"तुमाला काय ठाव? तुमी भूगोल शिकवता."

मी दादाकडे पाहिलं. एरवी विज्ञान विज्ञान करणारा माझा भाऊ पेपरात डोकं घालून म्हणाला, "थोडे दिवस बंद करून बघायला काय हरकत आहे?" प्रज्ञालाही ते हवंच होतं. आपण बरे आहोत असं कुणी सांगितलं तर कोणाला नको असतं? मी पुन्हा सांगितलं, चढ्या आवाजात सांगितलं. पण ज्याला दमा आहे त्याचं दम्याबद्दल कोण ऐकतं! पंप माझ्या फडताळात पडून राहिला आणि घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं.

पहिले काही दिवस काही झालं नाही. हाच या दुखण्याचा लबाडपणा. नंतर ती रात्री खोकायला लागली. वहिनींनी ओव्याची पुरचुंडी शेकली, हळदीचं दूध दिलं, छातीला बाम चोळला. शेजारच्या शमीम आपांनी भिंतीवरून लोबान दिला, घरात धूर फिरवा म्हणाल्या. फिरवला. मी गच्चीवर जाऊन बसलो, पण प्रज्ञाला खालीच बसावं लागलं.

आणि एका सकाळी मैदानावर धुक्यातून पावलं आली, माणसं आली, प्रज्ञा आली नाही. मग दिसली. वळणावर वाकून, गुडघ्यांवर हात टेकून उभी. सर ओरडत होते, "नाटकं नकोत! चल!" ती हात वर करून सांगत होती, चमक भरली, सर, चमक. बाजूच्या मुलीही म्हणाल्या, चमक भरली असेल. मी मात्र खांदे पाहिले. दर श्वासाला ते कानापर्यंत वर जात होते आणि गळ्यापाशी खड्डा पडत होता. ते दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मी पायऱ्या कशा उतरलो आठवत नाही. माझा पंप काढून तिच्या तोंडाला लावला. सगळ्या पोरी गोल करून उभ्या होत्या. तिने पंप ओढला आणि दुसऱ्या हाताने ओढणी तोंडावर घेतली. श्वास मिळत नव्हता तेव्हासुद्धा ती तोंड झाकत होती. मला तेव्हा जो संताप आला तो नेमका कुणावर, हे मला आजही सांगता येणार नाही.

दवाखान्यात वाफ दिली, इंजेक्शन दिलं. वहिनी धावत आल्या, पायांत वेगवेगळ्या चपला. डॉक्टर बाईंनी शांतपणे विचारलं, "रोजचा कधी बंद केला?" आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाल्या, "बहुतेक सगळे असंच करतात. बरं वाटलं की बंद." मग वहिनींकडे वळून, "हिला पळायचंय ना? बूट काढून पळवता का तिला? मग हा का काढला?" वहिनींनी पदर तोंडाला लावला. घरी येताना रिक्षात त्या मला एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, मला वाटलं मी तिचं भलंच करून राहिले." मला त्यांची दया आली. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

रोजचा पंप पुन्हा सुरू झाला. दार लावून, खिडकी लोटून, पण सुरू झाला. प्रज्ञाची छाती हळूहळू निवळली. आधी चालणं, मग सावकाश पळणं. डॉक्टर बाईंनी पळायला परवानगी दिली, पळण्याआधी दुसरा पंप घ्यायच्या अटीवर. आणि इथं घर पुन्हा अडलं, कारण प्रज्ञाने अर्ज लातूरला भरला होता आणि पळायचं होतं ते पोलिसांच्याच मैदानावर, पोलिसांच्याच डोळ्यांदेखत. वहिनींचं म्हणणं स्पष्ट होतं. "घ्यायचा तर बाहीर घ्या, कुठं आडोशाला. आत न्यायचा न्हाई. कुणी बघितला तर झालं सगळं." न घेता पळाली तर वळणावर वाकणार. घेताना दिसली तर कदाचित घरी पाठवणार. मधला रस्ता एकच, तो म्हणजे माझा खिसा.

आदल्या दिवशी आम्ही दोघं बसने लातूरला गेलो. वहिनींच्या नात्यातल्या एका घरी उतरलो. माणसं फार चांगली, जेवायला आग्रह करकरून वाढणारी. पण घर डाळ मिलच्या मागे. तुरीचा हंगाम भरात होता. खिडकीच्या गजांवर, तुळईवर, पाण्याच्या माठाच्या झाकणावर पिवळसर भुकटीचा थर. घरातल्या बाई दिवसातून कितीदा पुसत होत्या कोण जाणे. त्यांचा धाकटा मुलगा सारखा नाक ओढत होता. "याला सर्दीच असते हो बारा महिने," त्या म्हणाल्या. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी डाळीचं वरण भुरकलं. वरण अप्रतिम होतं, खोटं कशाला बोलू.

सकाळी तिच्या छातीत शिटी होती. बारीक, पण होती. मैदानाच्या गेटबाहेर मुलींची लांब रांग, छातीवर नंबर लावलेल्या. भिंतीला लागून आईबाप, भाऊ, केळी, पाण्याच्या बाटल्या. आडोसा म्हणून मी एक चहाची टपरी हेरून ठेवली होती. पण तिला तिथं नेण्याआधीच रांग सरकली आणि प्रज्ञा गेटच्या तोंडाशी गेली. तिने मागे वळून मला शोधलं. मी खिशावर हात ठेवून उभा. तिने एकदा टपरीकडे पाहिलं, एकदा गेटकडे, आणि हात पुढे करून सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काका, माझा पंप द्या."

मी दिला. ती तिथंच, रांगेत, ताठ उभी राहिली. श्वास सोडला, पंप ओढला, थांबली, पुन्हा ओढला. ओढणी खांद्यावरच होती.

गेटवरच्या हवालदार बाईंनी काठी आडवी धरली. "काय गं ते?"

"पंप, मॅडम."

"कशाचा?"

मला वाटलं आता ती सर्दी म्हणेल. मी असतो तर म्हणालो असतो.

"दम्याचा. मला दमा हाय, मॅडम."

बाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग बाई म्हणाल्या, "मग लगेच नको पळू. लागू पडू दे त्याला. जा तिकडं, कडेला बस जरा. आन पाणी घोटभरच पी." आणि काठी बाजूला केली. बस्स, एवढंच. ज्या प्रसंगाला आमचं घर वर्षानुवर्षं भीत आलं होतं तो एवढासा निघाला. पुढे मेडिकलला काय झालं असतं ते मला माहीत नाही, त्यामुळे यातून कुणी काही अर्थ काढू नये.

भिंतीपलीकडचं मला काही दिसलं नाही. शिट्ट्या ऐकू येत होत्या, त्या मैदानावरच्या. ती बाहेर आली तेव्हा घामाने निथळत होती, लाल झाली होती आणि हसत होती. "वेळेत, काका. वेळेत आले." परतीच्या बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत ती झोपली. जागी झाल्यावर म्हणाली, "माझ्यामागं लातूरकडच्या मुरुडची एक पोरगी होती. आत गेल्यावर म्हणली, ताई, मला बी दमा हाय, पण आईनं पंप आत आणू दिला न्हाई."

"मग?"

"मी मॅडमला सांगितलं. त्यांनी तिच्या वडिलांना गेटवर बोलवून घेतलं, त्यांच्या खिशात होता."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. भिंतीला टेकून माझ्या शेजारी कितीतरी बाप उभे होते. सगळ्यांच्या शर्टाला खिसे होते.

निकाल लागला तेव्हा ऊन कडक झालं होतं. प्रज्ञाचं नाव यादीत नव्हतं. पळण्यात चांगले मार्क पडले होते, लेखीत थोडे कमी पडले. दादा मोबाईल जवळ धरून, लांब धरून पुन्हा पुन्हा पाहत होता. प्रज्ञा कोरड्या डोळ्यांनी बसली होती. "पुढच्या वेळी गणित नीट करते," ती म्हणाली, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशी. ती अजून करते आहे. आज सकाळीही मैदानावर होती. पण मी त्या दिवसाचं सांगतो आहे.

भिंतीपलीकडून शमीम आपांचा आवाज आला, "क्यों भाभी, क्या हुआ बेटी का?"

आम्ही सगळे वहिनींकडे पाहायला लागलो. त्या उठल्या. अंगणात गेल्या, भिंतीपाशी उभ्या राहिल्या. गल्लीत पलीकडे नळावर चार बायका होत्या, त्याही ऐकायला थांबल्या.

"ऱ्हायली, आपा," वहिनी म्हणाल्या. "लेखीला मार्क कमी पडले. पळण्यात न्हाई ऱ्हायली. दमा हाय माझ्या पोरीला, लहानपणापासून हाय. आन तरी बी आठशे मीटर पळाली ती, वेळेत पळाली."

निकाल पाहून प्रज्ञा रडली नव्हती. तेव्हा मात्र ती ओक्साबोक्शी रडली.